घेवड्याच्या वाफ्यातला पुतळा

बुजगावणं करायला अक्कल लागत नाही, असं माझं ठाम मत होतं. दोन काठ्या, थोडा पेंढा, एक जुना सदरा आणि डोक्याच्या जागी काहीही. जगातल्या ज्या मोजक्या गोष्टी आपल्याला नक्की जमतील असं मला वाटायचं, त्या यादीत बुजगावणं सगळ्यात वर होतं. ती यादी आता मी कोणाला दाखवत नाही.

निमित्त घेवड्याचं झालं. आमच्या परसात हिची भाजीची बाग आहे. बाग हिची, परस दोघांचं, आणि पाण्याची नळी माझी, अशी आमच्यात वाटणी आहे. बागेत मला कामं दोनच. नळी धरायची आणि "अहो, पाय बघा कुठे पडतोय" असं ऐकू आलं की जो पाय सोयीचा असेल तो उचलायचा. दर वेळी मी नेमका चुकीचा उचलतो, पण ते असो.

त्या सकाळी ही हातात एक पत्र्याची डबी घेऊन बाहेर आली. डबीत बत्तीस दाणे होते. पांढरट, अंगावर जांभळ्या रेघा. हिच्या आईचा घेवडा. सासूबाई दर वर्षी तो पेरायच्या, शेवटच्या शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या आणि त्यातलं बी पुढच्या वर्षीसाठी ठेवायच्या. असं त्यांनी चाळीस वर्षं केलं. मागच्या वर्षी त्या गेल्या. राहिलेलं बी दोघी बहिणींनी वाटून घेतलं. मेहुणीने आपला वाटा पेरला आणि वाफ्यात पाणी साचून सगळा कुजला. हा घेवडा रोपवाटिकेत मिळत नाही. मी विचारून आलो होतो. त्यांनी मला दुसरी चार पाकिटं दाखवली आणि वर खताची माहिती दिली.

"हे गेलं की संपलं," ही म्हणाली. तिचा आवाज नेहमीचाच होता, पण डबीचं झाकण तिने दोनदा लावून बघितलं. "कोंब वर आले की पारवे येऊन खुडतात. पहिला महिनाभर राखावं लागतं. तेवढं तुम्ही बघाल?"

लग्नाला पस्तीस वर्षं झाली. हिने विश्वासाने माझ्यावर सोपवलेलं हे दुसरं काम. पहिलं दूध उतू न जाऊ देण्याचं होतं आणि त्याबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नाही. मी छाती पुढे काढून म्हणालो, "तू निर्धास्त राहा." त्यावर तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला निर्धास्तपणा म्हणता येणार नाही.

दुपारी मी कामाला लागलो. काठ्या, पेंढा, गोणपाट, सुतळी आणि दाभण एवढं सामान ओसरीवर मांडलं. सामान मांडून बसलेला माणूस दिसला की शेजारी येतात. उजवीकडे कवायतमास्तर राहतात. शाळेत त्यांनी मुलांना आयुष्यभर हात वर, हात खाली करायला लावलं. आता समोर मुलं नाहीत म्हणून आम्ही आहोत. डावीकडे शिवणकाकू. गावातल्या निम्म्या लोकांच्या कमरेचं माप त्यांना पाठ आहे आणि ते त्या चारचौघांत सांगतात.

"पाय जुळवा त्याचे," कवायतमास्तर म्हणाले.

"त्याला एकच पाय आहे."

"तरी जुळवा. आणि पोक नको. पोक काढलेल्या माणसाला कोणी भीत नाही. तुमच्याकडेच बघा ना."

शिवणकाकूंनी माझ्या हातातलं दाभण काढून घेतलं आणि डोकं स्वतः शिवलं. मी शिवलेलं डोकं त्यांनी उलगडून बघितलं, "अरे देवा" एवढंच म्हणाल्या आणि बाजूला ठेवलं. सदरा माझाच होता, पण तो अंगात राहीना म्हणून मी कचेरीतला करडा कोट आणला. तेहेतीस वर्षं मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक बघितली. त्यातली शेवटची अकरा वर्षं ह्या कोटात. कोपरांवर ठिगळं आहेत, पण कोटाला एक रुबाब आहे. तो माझ्या अंगावर कधी आला नाही. पेंढ्यावर मात्र लगेच आला.

चेहरा मी कोळशाने काढला. मी तो कोणासारखाही काढत नव्हतो. नाक, डोळे, मिशी, कपाळाला आठ्या, जसं सुचेल तसं. ही हात पुसत बाहेर आली, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "जरा हसरा काढायचा. नाहीतर चहाला साखर कमी पडल्यासारखे दिसताय."

"दिसताय म्हणजे? तो मी नाहीये."

"बरं," ही म्हणाली आणि आत गेली.

संध्याकाळच्या आत बुजगावणं वाफ्यात उभं राहिलं आणि एक सांगतो, ते उत्तम होतं. आठवडाभरात कोंब वर आले, बत्तीसपैकी तीस. एकही पारवा कुंपणाच्या आत आला नाही. पण त्या आठवड्यात माझ्या मनाला जे लागलं ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. रस्त्याने जाणारी माणसं बुजगावण्याला नमस्कार करत होती. मला करतात त्यापेक्षा जास्त वाकून. पोस्टमनने त्याला दोनदा हाक मारली आणि "आज लक्ष नाही वाटतं" म्हणत पत्र फाटकात खोचून निघून गेला. कवायतमास्तरांनी तर कुंपणापलीकडून त्याला कण्याच्या आरोग्यावर अर्धा तास सांगितलं आणि मग पुढच्या दाराने येऊन मला म्हणाले, "आज पहिल्यांदा तुम्ही मध्ये न बोलता ऐकून घेतलंत. बरं वाटलं." मी आतापर्यंत झोपलो होतो हे त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही.

आणि ही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिने तीन वेळा "चहा टाकू का?" म्हणून बुजगावण्याला विचारलं. उत्तर आलं नाही म्हणून तिला काही वेगळं वाटलं नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. ह्यापुढे जे झालं ते एकट्या माझं कर्तृत्व आहे. त्यात पारव्यांचा, शेजाऱ्यांचा किंवा नशिबाचा काडीचाही संबंध नाही.

झालं असं की मला चैन पडेना. एक नवी वस्तू उभी राहिली आहे, रस्त्यावरून दिसते आहे, आणि तिची कुठेही नोंद नाही. तुम्ही कधी आवक-जावक बघितली नसेल तर तुम्हाला ही तळमळ कळणार नाही. माझ्या हाताखालून तेहेतीस वर्षांत एक कागद असा गेला नाही की ज्याच्या डोक्यावर क्रमांक नव्हता. एकदा साहेबांच्या मुलाच्या गणिताच्या गृहपाठालाही मी शिक्का मारला होता. तेव्हा मी गावकचेरीत जाऊन नुसतं माहितीसाठी एक पत्र देऊन यायचं ठरवलं. पत्र सुंदर झालं होतं. विषय, संदर्भ, बुजगावण्याची उंची माझ्याएवढी, म्हणजे पाच फूट सहा इंच, तोंड पूर्वेस, कोट करडा. खाली "कृपया माहितीसाठी सविनय सादर."

"कोणी मागितलंय का?" हिने विचारलं.

"मागितलं नाही. पण दिलेलं बरं."

"कोणासाठी बरं?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मी वाटेत शोधणार होतो. ते कचेरी येईपर्यंत सापडलं नाही.

गावकचेरीतला कारकून तिशीचा असेल. त्याने पत्र घेतलं, शिक्का मारला, क्रमांक टाकला. तो "थप" आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो एका जाड पुस्तकात बोट फिरवत होता.

"बुजगावणं असं सदर नाही," तो म्हणाला.

"नसू दे. नुसतं दफ्तरी ठेवा."

"सदराशिवाय दफ्तरी कसं ठेवणार? क्रमांक पडलाय आता." त्याने पान उलटलं. "कुंपण आहे, गोठा आहे, पाण्याची टाकी आहे. मनुष्याकृती, उघड्या जागेवर, रस्त्यावरून दिसणारी... हां. पुतळा."

"पुतळा?"

"पुतळा उभारण्याची परवानगी. नमुना नऊ."

मी त्याला समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि नमुना नऊ पुढे सरकवला. खरं सांगायचं तर मला त्याचं कौतुकच वाटलं. त्याच्या जागी मी असतो तर अगदी हेच केलं असतं. फक्त माझं अक्षर चांगलं आहे.

"व्यक्ती हयात की मयत?" त्याने विचारलं.

"पेंढा आहे हो तो."

"म्हणजे हयात नाही."

"नाही."

"मग मयत लिहू?"

"जन्मालाच आलं नाही ते मरेल कसं?"

"त्याला रकाना नाही." तो थोडा वेळ पेनाने टेबलावर टकटक करत बसला. मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "मी परवा तुमच्या घरावरून गेलो तेव्हा बघितलाय तो. चेहरा तुमचाच आहे. नियम अकराप्रमाणे हयात व्यक्तीचा पुतळा उभारता येत नाही."

"मग आता?"

"चेहरा बदला, नाहीतर..." पुढचं तो बोलला नाही. चांगल्या घरातला मुलगा होता.

शेवटी त्या रकान्यात "लागू नाही" असं लिहायचं ठरलं. पुढचा रकाना होता, व्यक्तीचे समाजास योगदान. मी "पारवे" लिहिलं. त्यानंतर, अनावरण कोणाच्या हस्ते. मी हिचं नाव लिहिलं आणि ही गोष्ट हिला सांगितली नाही. मग दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची ना-हरकत पत्रं जोडायची होती. आणि सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात, एक ओळ: निर्णय होईपर्यंत जागा अर्जापूर्वी होती तशी ठेवावी.

"म्हणजे?" मी विचारलं, पण मला कळलं होतं. ही ओळ मी स्वतः शेकडो लोकांना वाचून दाखवली आहे. तेव्हा ती मला फार समंजस वाटायची.

"म्हणजे काढून ठेवा. निर्णय झाला की परत लावा."

"आणि अर्जच मागे घेतला तर?"

"तर विनापरवाना पुतळा उभारला होता असं आपोआप होतं. त्याचा नमुना वेगळा." मग तो जरा खाली वाकून हळू आवाजात म्हणाला, "काका, एक विचारू का? तुम्ही आलातच कशाला?"

घरी आल्यावर मी बुजगावणं उपटून ओसरीवर आणून ठेवलं. हिला सगळं सांगितलं. ही चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती चिडली नाही. तिने एकदा बुजगावण्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "किती दिवस?"

"आठ-दहा," मी म्हणालो. कचेरीतले आठ-दहा दिवस किती असतात हे माझ्याइतकं चांगलं कोणाला माहीत असेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उठून बाहेर आलो तेव्हा वाफ्यात सात पारवे होते. ते उडाले आणि आम्ही मोजलं. नऊ कोंब खुडले होते. एकवीस राहिले होते. ही खाली बसली, खुडलेल्या एका कोंबाचा देठ तिने दोन बोटांत धरून बघितला, तिथेच मातीत ठेवला आणि हात झटकून आत गेली. मी तिथेच उभा राहिलो. सासूबाईंनी चाळीस वर्षं जे सांभाळलं त्यातलं जवळजवळ एक तृतीयांश मी एका शिक्क्याच्या आवाजासाठी घालवलं होतं, आणि ह्या वेळी मला माझी स्वतःची खरंच लाज वाटली.

किती वेळ गेला माहीत नाही. पारवे कुंपणावर येऊन बसले, पण आत उतरले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होतो. मग मी ओसरीवर गेलो, पेंढ्याच्या अंगातून कोट काढला, स्वतःच्या अंगात घातला आणि परत वाफ्यात येऊन उभा राहिलो. अर्जदाराने स्वतः उभं राहू नये, असं नमुना नऊमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं.

बुजगावण्याची नोकरी वरून सोपी दिसते. खुर्ची घेऊन बसलं की पारवे खाली उतरतात. वर्तमानपत्र वाचलं तर उतरतात. डुलकी लागली तर उतरतात आणि अगदी पायाशी येतात, त्यांना ते आधी कळतं. उभंच राहावं लागतं, आणि अधूनमधून हात आडवे करावे लागतात. पहिल्याच दिवशी माझे हात दहा मिनिटांत खाली आले. पेंढ्याचे हात आठवडाभर खाली आले नव्हते. कवायतमास्तर कुंपणाला टेकून सगळं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच समाधान दिसत होतं.

"सावधान!" ते ओरडले. "खांदे मागे. पोट आत. आणखी आत. संपलं का? बरं, राहू दे."

ना-हरकत पत्र द्यायला त्यांनी एकच अट घातली. रोज सकाळी वाफ्यात त्यांच्या हुकमाने वीस मिनिटं कवायत. शिवणकाकूंची अटही फार नव्हती. कोट मागून उसवला आहे, तो शिवल्याशिवाय त्या सही करणार नव्हत्या. मी कोट काढायला लागलो तर म्हणाल्या, "असू दे अंगावर, पारवे येतील." आणि त्यांनी तो माझ्या पाठीवरच शिवला. त्या शिवत असताना रस्त्याने जाणारी एक बाई थांबून त्यांना म्हणाली, "हुबेहूब केलाय हो."

"मी नाही, ह्यांनीच केलाय," काकू म्हणाल्या.

चौथ्या दिवशी हिने माझ्यासाठी चहा बाहेर आणला. पाचव्या दिवशी स्वतःचाही आणला. सहाव्या दिवशी ती गोधडीचं काम घेऊन वाफ्याच्या कडेला दगडावर बसली. मला वाटलं माझ्यावर नजर ठेवायला बसली. तसं असेलही. पण गोधडी शिवता शिवता ती बोलायला लागली. आई घेवडा कसा लावायची, वेल चढवायला सुतळी कशी बांधायची, बहीण आणि ती कोवळ्या शेंगा चोरून कच्च्याच कशा खायच्या. आई वाफ्यात काम करत असायची आणि ही अशीच कडेला बसून शाळेतलं सगळं तिला सांगायची. मी पाठमोरा उभा राहून ऐकत होतो. पस्तीस वर्षांत मी ह्यातलं काही ऐकलं नव्हतं. घरात मी असलो की माझ्यापुढे नेहमी काहीतरी वाचायला असतं.

दोन आठवड्यांनी स्थळपाहणी झाली. ती होणार हे मला कोणी कळवलं नव्हतं. नियमाप्रमाणे कळवायचं असतं, पण ते पत्र पाहणीनंतर तीन दिवसांनी आलं. त्या दिवशी एक पारवा, मोठा, मानेवर हिरवी झाक असलेला, कुंपणावरून उतरून मुळ्याच्या वाफ्यातून एकेक पाऊल टाकत घेवड्याकडे येत होता. हा त्यांच्यातला सगळ्यात निर्ढावलेला. हात हलवून तो जात नसे. थोडा लांब उडून परत येई. मी ठरवलं होतं की त्याला अगदी जवळ येऊ द्यायचं आणि मग असं ओरडायचं की त्याने पुन्हा हे परस बघू नये. मी श्वाससुद्धा रोखून उभा होतो. तेवढ्यात मागचं फाटक वाजलं.

"हा बघा, उभाच आहे," कारकुनाचा आवाज. "काढायला सांगितला होता."

"लिहून घ्या," दुसरा आवाज. हा मोजणीदार असावा. "अर्जदाराने पुतळा हलवलेला नाही. काम बरं आहे. चेहरा जरा मठ्ठ झालाय."

मी पारव्याकडे बघत होतो. अजून तीन पावलं. माझ्या पायापासून डोक्यापर्यंत काहीतरी थंड सरकलं. मोजणीदाराने फीत लावली होती.

"अर्जात पाच फूट सहा लिहिलंय," तो म्हणाला. "भरतोय पाच चार."

"टाचा वर केल्या होत्या तेव्हा!" मी ओरडलो.

पारवा उडाला. मोजणीदार मागच्या मागे मुळ्यात बसला. कारकुनाच्या हातातली वही पाण्याच्या बादलीत गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हिचं हसणं ऐकू आलं. मी ते बऱ्याच महिन्यांनी ऐकत होतो. सासूबाई गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. त्यामुळे पाच फूट चार इंच ही गोष्ट मी सोडून द्यायचं ठरवलं.

मोजणीदाराला आम्ही उठवलं, मुळ्यातून बाहेर काढलं, चहा दिला. पण कारकुनाची वही भिजली होती आणि जे भिजायच्या आधी लिहिलं होतं ते आता बदलता येत नव्हतं. "अर्जदाराने पुतळा हलवलेला नाही" ही ओळ तशीच राहिली. तिच्याखाली कारकुनाने लिहिलं: "सदर पुतळा बोलला व हलला, सबब तो अर्जदार असल्याचे निष्पन्न झाले." मग त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही रोज असे उभे असता?"

"निर्णय होईपर्यंत."

त्याने बराच वेळ मान हलवली. "मी लवकर करतो," तो म्हणाला, आणि ते तो मनापासून म्हणाला हे मला दिसलं. पण वर समिती होती, समितीची बैठक होती आणि बैठकीचा दिवस पुढे ढकलला गेला होता.

घेवडा समितीसाठी थांबला नाही. एकवीसच्या एकवीस रोपं गुडघ्याएवढी झाली. मग कमरेएवढी. हिने काठ्या रोवल्या, सुतळी बांधली, वेल चढले. हिची आई बांधायची तशाच गाठी. मी मध्ये उभा असल्यामुळे एक वेल माझ्या पायाला गुंडाळायला लागला तो हिने सोडवून दुसरीकडे लावला. जांभळी फुलं आली. हिने मेहुणीला फोन करून सांगितलं, "एकवीस वाचले. हो, तेच उभे असतात. हो, दिवसभर." पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, पण ही माझ्याकडे बघून म्हणाली, "नाही गं, बरे आहेत ते."

एके दिवशी कवायत संपवून कवायतमास्तर जायला निघाले आणि कुंपणापाशी थांबले.

"वेल एवढे वाढले," ते म्हणाले. "पारवे कोवळे कोंब खातात. हे कोण खाणार आता? गेल्या पंधरा दिवसांत एक तरी पारवा आलाय का?"

मी वाफ्याकडे बघितलं. मग दगडाकडे. ही अजून बाहेर आली नव्हती.

"परवानगीचं अजून काही कळलं नाही," मी म्हणालो. "तोवर जागा सोडता येत नाही."

कवायतमास्तरांना शिस्त कळते. त्यांनी मान डोलावली आणि गेले.

त्यानंतर चार दिवसांनी दुपारी ही एक लांबट तपकिरी पाकीट घेऊन आली. "कचेरीतून आलंय," म्हणून तिने ते माझ्या हातात दिलं आणि दगडावर बसून गोधडी उलगडली. मी पाकीट फोडलं. पत्र दीड पानाचं होतं. पुतळ्यास मंजुरी. अटी सहा. हार घालू नये. भाषण करू नये. अनावरण पत्राच्या तारखेपासून पंधरा दिवसांत करावे. खाली समितीच्या पाच सह्या, आणि कारकुनाने बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं: "काका, झालं एकदाचं. आता बसा."

मी पत्र दोनदा वाचलं. ओसरीवर बुजगावणं कोटाशिवाय भिंतीला टेकून उभं होतं. दोन मिनिटांचं काम होतं. मी पत्राची घडी केली आणि पाकिटात घालून खिशात ठेवली.

"काय म्हणतात?" हिने विचारलं. ती सुईत दोरा ओवत होती.

"नामंजूर," मी म्हणालो.

तेहेतीस वर्षं मी एक ओळ चुकीची लिहिली नाही. आवकचा कागद जावकमध्ये टाकला नाही. आणि पाच सह्यांच्या कागदाविषयी मी कोट घालून, घेवड्यात उभा राहून, बायकोशी धडधडीत खोटं बोललो. आवाजही कापला नाही.

"कारण काय दिलंय?"

"नियम अकरा. चेहरा."

"चेहऱ्यात काय वाईट आहे?" ही म्हणाली. "अपील करा ना."

"करतो. पण अपिलाला वेळ लागतो. महिना लागेल. जास्तही लागेल."

"लागू दे," ही म्हणाली. "मग तोवर तुम्हालाच उभं राहावं लागणार."

"दुसरा इलाजच नाही."

मी खिशात हात घातला. पाकिटाची कड बोटाला चिकटली. खळ ओली होती. कचेरीत पाकिटं डिंकाने चिकटवतात, ते माझ्याइतकं कोणाला माहीत नाही. ही कणकेची खळ होती, घरची, ताजी. मी हिच्याकडे बघितलं. तिच्या अंगठ्यावर पांढरं काहीतरी वाळत आलं होतं आणि ती सुईचं नाक शोधण्यात फारच गुंतली होती.

"हं, तर काय सांगत होते," ती म्हणाली. "आई त्या वर्षी वाफ्यात पडली, पाय मुरगळला, आणि तरी आत यायला तयार नाही..." ती मध्येच थांबली. "अहो, हात जरा आडवे करा. पारवा आलाय."

परसात एकही पारवा नव्हता. मी हात आडवे केले.